पुण्यातलं परसदारचं हरितगृह : आधी छत, मग भिंती

‘घरामागे दहा-बारा फुटांची मोकळी जागा आहे, तिथे हरितगृह करायचंय. प्लास्टिक कुठलं घेऊ?’ घरी भाजीपाला लावणाऱ्या वाचकांकडून सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो : ‘मागच्या वर्षी केलं होतं, पण एप्रिलमध्ये सगळी रोपं करपली. काय चुकलं?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच आहे. सुरुवात प्लास्टिकपासून झाली, तिथेच चुकलं.

व्हिडिओंमध्ये दिसणारी काचेची किंवा प्लास्टिकची बंद खोली थंड देशांत ऊब कोंडून ठेवण्यासाठी बांधतात. पुण्यात ऊब कोंडायची वेळ येते ती डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री. उरलेलं वर्षभर आपल्याला झाडं वाचवायची असतात ती मार्च ते मेच्या उन्हापासून, वळवाच्या गारांपासून, जुलैच्या झोडपणाऱ्या पावसापासून आणि बारा महिने किडींपासून. म्हणून पुण्याच्या अंगणाला छत्री हवी, पेटी नको. हे एकदा मनात पक्कं झालं की साहित्य, उंची, दिशा, खर्च हे पुढचे निर्णय सोपे होतात.

आधी पुण्याचं वर्ष समजून घ्या

एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. अशा दिवशी बंद प्लास्टिकखालचं तापमान सहज पन्नाशी ओलांडतं. टोमॅटोची फुलं पस्तिशीच्या वरच गळू लागतात, मग पन्नाशीत काय राहणार? पुण्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ते शून्य सावलीचे दिवस. म्हणजे उन्हाळ्यातलं खरं ऊन छतावरून येतं. बाजूंना जाळ्या लावून छत तसंच ठेवणाऱ्यांची रोपं त्यामुळेच जळतात. डिसेंबरात हाच सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेला कललेला असतो. दक्षिणेला शेजारची तीन मजली इमारत असेल, तर हिवाळ्यात तुमच्या अंगणात ऊन किती वेळ येतं ते आधी पाहा.

शहरातही फरक आहे. पाषाण, शिवाजीनगर इथल्या हिवाळ्यातल्या रात्री मगरपट्टा किंवा कोरेगाव पार्कपेक्षा बऱ्याच गार असतात. पश्चिमेकडच्या उपनगरांत पाऊस जास्त, पूर्वेला कमी. वारजे-बावधनला राहत असाल तर पावसाच्या छताकडे जास्त लक्ष द्या. हडपसर-लोहगावला असाल तर सावलीकडे.

तुमच्यासाठी कुठला प्रकार?

- नुसतं शेडनेट. पालेभाज्या, कुंड्या, रोपं, पुदिना, अळू एवढंच हवं असेल तर इथेच थांबा. वर ५० टक्के सावलीची जाळी, बाजू मोकळ्या. खर्च सगळ्यात कमी.
- पाऊसछत. वर पॉलिफिल्म, बाजूंना फक्त जाळी. पावसाळ्यात मेथी-कोथिंबीर हवी असेल किंवा बिया पेरून रोपं तयार करायची असतील तर हेच.
- पाऊसछत आणि वरून सरकणारं शेडनेट. तीनही ऋतूंत उपयोगी. जागा स्वतःची असेल आणि दहा वर्षं वापरायचं असेल तर मी हाच प्रकार सुचवेन. पुढचं मार्गदर्शन यालाच धरून आहे.
- जुन्या खिडक्यांचं काचघर. पाडलेल्या वाड्यांच्या सागवानी खिडक्या जुन्या बाजारात, टिंबर मार्केटच्या आसपास मिळतात आणि मोह होतो. छताला त्या लावू नका. गारा पडल्या की काच डोक्यावर येते, आणि एप्रिलमध्ये आत उभं राहता येत नाही. फार तर एक खिडकी तिरपी ठेवून हिवाळ्यातल्या रोपांसाठी जमिनीलगतचा पेटारा करा.

पूर्ण बंद, पंखे आणि कूलिंग पॅड लावलेलं पॉलिहाऊस घरासाठी नको. ते विजेवर चालतं. मेच्या दुपारी वीज दोन तास गेली तर आतलं पीक गेलं.

मावळात, तळेगावच्या एमआयडीसीच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये गुलाब पिकवणारी पॉलिहाऊस एकदा बाहेरून तरी पाहून या. मावळाची हवा पुण्यापेक्षा गार असते, तरी तिथली छतं उंच असतात, माथ्यावर गरम हवा बाहेर पडायला लांबच लांब फट असते आणि बाजूचे पडदे गुंडाळून वर घेता येतात. निर्यात करणारे लोक हवा खेळती ठेवण्यावर एवढा पैसा घालतात, तर आपण तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

परवानगी : बांधण्याआधी विचारा, नंतर नाही

‘चार पाइप आणि जाळी, त्याला कसली परवानगी?’ असं म्हणून काम सुरू केलं जातं आणि शेजाऱ्याच्या तक्रारीनंतर नोटीस येते. पुण्याला २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. इमारतीभोवतीची सोडलेली जागा, म्हणजे मार्जिन, मोकळी राहावी हा तिचा मूळ आग्रह. परसदार बहुतेक वेळा याच मार्जिनमध्ये येतं. त्यामुळे पुढची काळजी घ्या.

- बंगला किंवा रो-हाऊस असेल तर मंजूर नकाशा काढून मार्जिन कुठे आहे ते पाहा. नंतर नटबोल्टने जोडलेल्या, सुटा करता येणाऱ्या, विटा-पत्रे नसलेल्या जाळीच्या मांडवाचं साधं रेखाचित्र आणि मापं जोडून महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाला लेखी विचारणा करा. अर्जाची पोच घ्या.
- कॅम्प आणि खडकी भागात कॅन्टोन्मेंट बोर्डाचे नियम लागतात. महापालिकेत नव्याने आलेल्या गावांत राहत असाल तर तुमच्या भागात बांधकाम परवानगी कोण देतं, महापालिका की पीएमआरडीए, हे आधी नक्की करा. चुकीच्या दारात महिना जातो.
- सोसायटीत तळमजल्याच्या सदनिकेमागची बाग तुम्ही सांभाळता म्हणून ती तुमची होत नाही. खरेदीखत वाचा. गच्ची तर सर्वांची असते. सचिवांना लेखी अर्ज द्या, व्यवस्थापन समितीचा ठराव मागा, आणि संमती मिळाली तर तिची प्रत जपून ठेवा. समिती बदलली की तोंडी होकार कुणाला आठवत नाही. अर्जाला उत्तरच मिळालं नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते.
- मध्ये आंबा किंवा नारळ येत असेल तर कुऱ्हाड उचलू नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाजगी अंगणातल्या झाडालाही लागू आहे. फांद्या छाटायच्या असल्या तरी उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. माझं मत विचाराल तर झाड ठेवा आणि मांडव हलवा.
- छताचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर किंवा आवारात पडता कामा नये. बहुतेक भांडणं याच पाण्यावरून होतात. पन्हळ लावणं यासाठी सक्तीचंच समजा.

नोटीस आलीच तर घाबरून लगेच मोडतोड करू नका आणि दुर्लक्षही करू नका. कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली ती आहे, मुदत किती आहे, हे वाचा. मुदतीत लेखी खुलासा द्या. सोबत तारखेसह फोटो, रेखाचित्र आणि आधीच्या अर्जाची पोच जोडा. तुमच्या अर्जाचं काय झालं हे कळत नसेल तर माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज आणि उत्तराला तीस दिवसांची मर्यादा आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पॉलिहाऊस आणि शेडनेटसाठीचं सरकारी अनुदान सातबारा असलेल्या शेतकऱ्यांसाठी आहे. शहरातल्या परसदाराला ते मिळत नाही. ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. मात्र घरच्या गांडूळखत प्रकल्पाला आणि पर्जन्यजल संधारणाला पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते : एकाला पाच टक्के, दोन किंवा अधिक असतील तर दहा टक्के. हरितगृहाच्या छताचं पाणी साठवत असाल आणि पालापाचोळा गांडूळखतात घालत असाल तर हा अर्ज जरूर करा. पाहणी होते, म्हणून प्रकल्प चालू स्थितीत हवा.

सांगाडा : पैसा इथे घाला

जाळी फाटली तर बदलता येते. सांगाडा वाकला तर सगळं उतरवावं लागतं. म्हणून एकूण खर्चातला मोठा वाटा सांगाड्यालाच द्या.

एक माप नमुन्यादाखल घेऊ : १० फूट रुंद, १२ फूट लांब, बाजूची उंची ८ फूट, मधला माथा साडेदहा फूट. सहा खांब. याहून बुटका मांडव करू नका. गरम हवा वर साठते, आणि बुटक्या छताखाली ती रोपांच्या शेंड्यांवरच बसते.

साहित्याचे तीन पर्याय :

- जीआय पाइप. खांबांना दीड इंची, कैच्या आणि आडव्यांना एक इंची, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. दुकानात ‘हलका’ पाइप दाखवतील तो घेऊ नका. वेल्डिंगपेक्षा क्लॅम्प आणि नटबोल्ट बरे. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो, तिथूनच गंज सुरू होतो, आणि सुटा होणारा सांगाडा परवानगीच्या दृष्टीनेही सोयीचा.
- बांबू. स्वस्त आणि देखणा. बुरूड आळीत चांगला मिळतो. पण प्रक्रिया न केलेला बांबू दोन पावसाळ्यांत भुंग्याने पोखरला जातो. बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेला घ्या आणि तो थेट मातीत पुरू नका. लोखंडी बुटात बसवा.
- पीव्हीसी पाइपच्या कमानी. व्हिडिओंत याच असतात. पुण्याच्या उन्हात पीव्हीसी मऊ पडतो, वाकतो आणि त्याला टेकलेली पॉलिथिन फिल्मही लवकर ठिसूळ होते. चार फुटी वाफ्यावरच्या छोट्या बोगद्यासाठी ठीक, माणूस उभा राहील अशा मांडवाला नाही.

आता पायाबद्दल. इथे थोडं थांबून वाचा, कारण घरी केलेले बहुतेक मांडव इथेच फसतात. पुण्याच्या कितीतरी भागांत वर काळी माती आणि खाली मुरूम आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात रोवलेला खांब दोन वर्षांत कलतो. खड्डा मुरमापर्यंत न्या, किमान दोन फूट. प्रत्येक खांबाखाली एक फूट लांब, एक फूट रुंद, दोन फूट खोल काँक्रीट भरा. एका पायाचं वजन १३० किलोच्या घरात जातं.

एवढं कशाला, असं वाटेल. भारतीय मानकांत पुण्यासाठी धरलेला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर आहे. त्या वेगाला चौरस मीटरमागे नव्वद किलोच्या आसपास दाब येतो. आपल्या १२० चौरस फुटांच्या छतावर हिशोब एक टनापर्यंत जातो, आणि वारा खालून शिरला तर तो छत वर उचलतो. सहा पाये मिळून ७८० किलो होतात, उरलेलं काम आजूबाजूच्या मुरमाची पकड करते. वळवाच्या संध्याकाळी छत उडून शेजारच्या गाडीवर पडलं तर भरपाई तुम्हाला द्यावी लागेल. कोपऱ्यांत तिरपे आधार विसरू नका. खांब कितीही जाड असले तरी तिरपे नसतील तर मांडव डुलतो.

गच्चीवर करायचं असेल तर

तिथे पाया खोदता येत नाही आणि वारा जास्त. त्याहून मोठा प्रश्न वजनाचा. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी मानकांत धरलेला भार चौरस मीटरमागे दीडशे किलो आहे. एक फूट जाडीची ओली माती एकटीच पाचशे किलो भरते. म्हणून गच्चीवर मातीचे सलग वाफे नकोत. कोकोपीट, कंपोस्ट आणि पालापाचोळा भरलेल्या हलक्या पिशव्या, त्याही तुळया आणि भिंतींच्या रेषेवर ठेवा. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या. वॉटरप्रूफिंगमध्ये ड्रिलने भोकं पाडू नका. खांब काँक्रीटच्या ठोकळ्यांत उभे करून कठड्याला बांधा. उंची सहा-सात फुटांवरच ठेवा आणि फिल्म न लावता फक्त जाळी लावा.

छत आणि जाळ्या

माथ्याला दोन उतार, पण ते एकमेकांना भिडवू नका. पश्चिमेकडचा उतार फूटभर उंच ठेवून पूर्वेकडच्या उतारावर फूटभर पुढे आणा. मधली फट पूर्वेकडे उघडी राहते. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पाणी आत शिरत नाही आणि गरम हवा बारा महिने बाहेर जाते. या फटीला कीडजाळी लावा. वळवाचा वारा कुठूनही येतो. त्या दिवसांसाठी फटीवर पडदा सोडायची सोय असली की झालं.

- फिल्म : २०० मायक्रॉन, यूव्ही-स्थिर. साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. ताडपत्रीच्या दुकानातलं साधं पारदर्शक प्लास्टिक एका उन्हाळ्यात चुरा होतं. खिळे, दोऱ्या यांनी बांधू नका. ॲल्युमिनियमची पट्टी आणि झिगझॅग स्प्रिंग वापरा. फिल्म ताणून बसते आणि दोन तासांत काढता येते. पाइप उन्हात तापून फिल्मला जाळतो, म्हणून टेकणाऱ्या जागी पांढरी टेप गुंडाळा.
- शेडनेट : भाज्यांसाठी ५० टक्के पुरे. गाड्यांच्या शेडला वापरतात ती ९० टक्क्यांची हिरवी जाळी पुष्कळ लोक घेऊन जातात आणि मग रोपं लांबुडकी, फिकी का होतात असं विचारतात. पांढरी जाळी मिळाली तर उत्तम, प्रकाश पसरट मिळतो. चपट्या पट्टीपेक्षा गोल तंतूची, मोनो-मोनो विणीची जाळी जास्त टिकते. ती फिल्मच्या आत नको, वर बसवा, शक्यतो फूटभर अंतर सोडून. ऊन आत आल्यावर सावली करण्यात फायदा नाही. कडी-दोरीवर सरकती ठेवली तर ऑक्टोबरमध्ये गुंडाळून ठेवता येते.
- कीडजाळी : चारही बाजूंना ४० मेश. पांढरी माशी बाहेर राहते. जाळी बारीक असल्याने हवा कमी येते, म्हणून बाजू पूर्ण जाळीच्याच ठेवा, अर्ध्यात प्लास्टिक नको. खाली फूटभर लोखंडी जाळी जमिनीत पुरा, नाहीतर घुशी आत बीळ करतील.
- दार : एका दाराने आत आल्यावर दोन पावलांवर दुसरा जाळीचा पडदा. एका दारातून किडी आत येतातच.

रविवार पेठ आणि बोहरी आळीत जाळ्या, दोर, क्लिप असं सुटं सामान मिळतं. फिल्म आणि स्प्रिंग-पट्टी मात्र पॉलिहाऊसचं साहित्य विकणाऱ्याकडूनच घ्या.

पाणी, गारवा, वीज

फॉगर लावू का, असं जवळपास प्रत्येक जण विचारतो. मार्च ते मे या कोरड्या दिवसांत धुक्यासारखं पाणी उडवलं तर तापमान खरोखर उतरतं. जुलैत हवा आधीच ओलीचिंब असते, तेव्हा फॉगर फक्त बुरशी वाढवतो. म्हणजे हा खर्च तीन महिन्यांच्या उपयोगासाठी आहे. शिवाय फॉगरला साडेतीन-चार किलोचा दाब लागतो. टाकी दहा मीटर उंच असली तरी एकच किलो दाब मिळतो. पंप आला, वीज आली, आणि बोअरचं जड पाणी असेल तर क्षाराने तोंडं बंद. एवढ्याशा जागेला त्यापेक्षा पश्चिमेच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा आणि वाटेवर विटांचे तुकडे पसरून दुपारी पाणी शिंपा.

पाण्यासाठी ठिबक घ्या. दोनशे लिटरचं पिंप तीन-चार फूट उंचावर ठेवलं, गाळणी लावली की साधं ठिबक दाबाविना चालतं. आपल्या छताचं क्षेत्रफळ ११ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर सुमारे ७,७०० लिटर पाणी पन्हळीतून वाहतं. खडकवासल्यातून येणारं पिण्याचं पाणी झाडांना घालण्यापेक्षा हे साठवा. पिंपाला झाकण आणि बारीक जाळी हवीच. डासांच्या अळ्या सापडल्या तर महापालिकेचा आरोग्य विभाग नोटीस देतो, दंडही करतो, आणि डेंगी आधी तुमच्याच घरात येईल.

छताखाली पाऊस पडत नाही, म्हणून मातीतले क्षार धुतले जात नाहीत. बोअरच्या पाण्यावर वर्षभरात मातीवर पांढरी पापडी येते, पानांच्या कडा जळतात आणि लोक खत वाढवत राहतात. वर्षातून दोनदा पावसाच्या साठवलेल्या पाण्याने माती भरपूर भिजवून पाणी खालून निघून जाऊ द्या. मे अखेरीस आठवडाभर फिल्म काढून पहिला पाऊस आत पडू दिलात तर याहून चांगलं.

दिवा किंवा पंप लावायचा असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या आणि काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून ओढलेली एक्स्टेन्शन वायर जीव घेते. वरून महावितरणची तार जात असेल तर ती जागाच सोडा.

आत काय, कधी

उन्हाळ्यात कोथिंबीर, पालक, पुदिना. मेमध्ये मंडईत कोथिंबिरीची जुडी महागते ती ऊन तिला सोसत नाही म्हणूनच. पन्नास टक्के सावलीत ती छान येते. धणे रगडून दोन करा, रात्रभर भिजवा. पावसाळ्यात मेथी, मिरची-टोमॅटो आणि हिवाळी रोपवाटिका. ऑक्टोबरला शेडनेट गुंडाळलं की ढोबळी मिरची, चेरी टोमॅटो, लेट्यूस, ब्रोकोली. वर्षातले सगळ्यात समाधानाचे महिने हेच.

कीडजाळीमुळे मधमाश्याही बाहेर राहतात, हे बरेच जण विसरतात आणि काकडीला फुलं येऊन फळ का धरत नाही म्हणून हैराण होतात. टोमॅटो-मिरचीची फांदी सकाळी हलवली की पुरतं. काकडी आणि कारल्याचं नर फूल तोडून सकाळी मादी फुलाला लावा. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांचं परागीभवन तेव्हाच करा. हे रोज जमणार नसेल तर परागीभवनाशिवाय फळणाऱ्या, पॉलिहाऊससाठीच्या काकडीचं बी मागा, किंवा वेल सरळ बाहेर लावा.

किडी येतीलच. पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशी-माव्यासाठी, निळे फुलकिड्यांसाठी. लाल कोळी कोरड्या उन्हाळ्यात वाढतो. पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारत राहा. लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणपाणी, संध्याकाळच्या वेळी. रासायनिक औषधं बंद जागेत फवारू नका. घरातली मुलं तिथे जातात आणि ती भाजी तुम्ही त्याच आठवड्यात खाणार असता.

खरेदी आणि ठेकेदार

काम ठेकेदाराला द्यायचं ठरवलंत तर कोटेशनमध्ये ‘पाइप, नेट, फिल्म’ एवढं मोघम चालवून घेऊ नका. पाइपचा व्यास आणि जाडी, फिल्मचे मायक्रॉन आणि यूव्हीची हमी किती वर्षांची, जाळीची टक्केवारी, पायाची खोली, हे सगळं लिहून घ्या. पैसे टप्प्याने द्या : साहित्य आल्यावर, पाया भरल्यावर, काम पूर्ण झाल्यावर. पाया भरताना स्वतः हजर राहा, तो नंतर तपासता येत नाही. पक्कं बिल घ्याच. त्याशिवाय हमीला अर्थ नाही.

हमीच्या मुदतीत फिल्म फाटली आणि विक्रेता दाद देत नसेल तर लेखी तक्रार करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत जायला हवं. १९७४ मध्ये पुण्यातच सुरू झालेल्या अखिल भारतीय ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते अशा तक्रारीत मार्ग सांगतात.

शिकायचं असेल तर

तळेगाव दाभाडे इथल्या उद्यानविद्या प्रशिक्षण केंद्रात पॉलिहाऊस व्यवस्थापनाचे छोटे अभ्यासक्रम चालतात. ते शेतकऱ्यांसाठी असले तरी हवा आणि पाण्याचे धडे घरच्या मांडवालाही लागू पडतात. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातही मार्गदर्शन मिळतं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलात तर रोपवाटिकावाले आणि साहित्यविक्रेते एकाच ठिकाणी भेटतात. जाळीचे नमुने हातात घेऊन पाहण्याची ती चांगली संधी. रोपं मात्र तिथून घाईने उचलून आणू नका. सोलापूर रस्त्यावर लोणी-उरुळीकांचनच्या रोपवाटिकांत निवांत जाऊन, पानाची खालची बाजू तपासून, मगच आत आणा. पांढरी माशी घरात येते ती बहुधा विकत आणलेल्या रोपावरूनच.

बांधकामाला दिवाळीनंतरचा महिना उत्तम. जमीन खोदण्याइतकी ओली असते, वारा शांत असतो, आणि होळीच्या आत शेडनेट वर चढवायला पुरेसा वेळ मिळतो. यंदा पैसे कमी असतील तर सांगाडा पक्का करून घ्या आणि फक्त शेडनेट लावा. फिल्म पुढच्या मेमध्ये, पावसाच्या तोंडावर आणा. परवानगीचा अर्ज मात्र आजच लिहायला घ्या, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो.